ताईला खाडी कळवताना

ताईचं पत्र मी शब्दकोशात घालून ठेवलं होतं. शब्दकोश मी रोज उघडतो. म्हणजे पत्र रोज दिसेल, रोज लाज वाटेल आणि एखाद्या दिवशी त्या लाजेपोटीच उत्तर लिहून होईल, असा माझा बेत. पत्र रोज दिसलं. लाजही न चुकता वाटली. पुढे पुढे मी अर्थ पक्के ठाऊक असलेलेच शब्द वापरू लागलो, म्हणजे कोश उघडायलाच नको.

पत्र लहानसं होतं. ताई माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती दवाखाना सोडला तर कुठे जात नव्हती. खिडकीत खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवायची, तेवढाच विरंगुळा. तिचा मुलगा तिला खाडीवर न्यायला बघत होता. संध्याकाळी बोटीत बसायचं, रात्री खाडीत नांगर टाकून राहायचं आणि सकाळी परत. तिने लिहिलं होतं : 'पोरगा म्हणतो, फार सुंदर असतं. त्याला सगळंच सुंदर वाटतं, त्याने स्वतः केलेला चहासुद्धा. तू पुस्तकं वाचतोस. तिथे काय काय असतं, आपण काय धरून चालायचं, ते नीट कळव. तू जा म्हणालास तर जाईन. नको म्हणालास तर विषय संपला. फोन करू नकोस. फोनवर माणूस काहीही बोलतो.'

आता माझी पंचाईत समजून घ्या. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या वाक्यावर शंका घ्यायची, याचाच मला पगार होता. निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांची वाक्यं यायची थांबली आणि बेकार झालेल्या त्या शंका माझ्याकडेच राहायला आल्या. टोमॅटो ताजे आहेत का, हे विचारण्याआधीही मला वाटतं, विचारणारा मी कोण? अशा माणसावर ताईने खाडी सोपवली होती. खाडी मी नकाशात पाहिली होती. तिथे ती निळी आणि सपाट असते.

तरी मी बसलो. पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, 'खाडी म्हणजे तीन बाजूंनी जमिनीने वेढलेला जलभाग.' बायकोने वाचून विचारलं, "वन्संना खाडीत जायचंय की परीक्षेला बसायचंय?" दुसऱ्या मसुद्यात मी भरती-ओहोटीचा विषय घेतला आणि तो मला आवरेना. ती पानं हिने हातात तोलून बघितली आणि म्हणाली, "हे चंद्राला पाठवा. सगळं त्याचंच कौतुक आहे."

तिसरा मसुदा प्रामाणिक होता : 'ताई, मला माहीत नाही.' पण हा पाठवला तर ताई त्याचा अर्थ 'नको' असाच घेणार. मग ती खुर्ची खिडकीतून हलायची नाही, कायमची. माझ्या एका ओळीवर इतकं वजन आजवर कुणी ठेवलं नव्हतं. पेन उचलेना.

मध्ये भाच्याचा फोन आला.

"मामा, लिहा ना काहीतरी. पत्र आलं नाही की आई मला म्हणते, बघ, मामालाही शंका आहे. हवा बदलली की बोटी बंद होतील."

"लिहितो रे. तेच बघतोय."

"तुम्ही 'तेच बघतोय' म्हणायला लागलात तेव्हा माझं पोरगं रांगत होतं मामा. आता ते जिना उतरतं."

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "अहो, पुस्तकात सापडत नाही तर जाऊन बघून या."

"एकटा?"

"एकटे गेलात तर धक्क्यावरूनच परत याल. मी येते."

आमच्या इमारतीत बातमी कशी पसरते याचा शोध मला अजून लागलेला नाही. मी फक्त पेपरवाल्याला एक दिवस पेपर नको म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे विमावाले हजर झाले. हे गृहस्थ विमा कंपनीत इतकी वर्षं होते, की समोरचा माणूस त्यांना दावा म्हणूनच दिसतो.

"बोटीवर जाताय म्हणे," ते म्हणाले. "जा. माणसाने जावं." हे 'जावं' त्यांनी सांत्वनाला आल्यासारखं उच्चारलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. लाट डावीकडून आली की आपण उजवीकडे झुकायचं. उजवीकडून आली की डावीकडे."

"तुम्ही बोटीने बराच प्रवास केलेला दिसतो."

"मी? मला काय वेड लागलंय?"

समोरच्या काकूंनी सांगितलं, पोट अगदी रिकामं ठेवा आणि डोळे मिटून बसा. खालच्या शिंप्याने सांगितलं, पोट गच्च भरा आणि दूरच्या एका बिंदूकडे टक लावा. मला कुणाचंच मन मोडता येत नाही. म्हणजे आता भरल्या पोटी उपाशी राहून मिटल्या डोळ्यांनी टक लावायची होती. त्यातल्या त्यात झुकण्याचा सराव शक्य वाटला. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तो करत असताना मी डाळीच्या डब्यावर कोसळलो. ही ओट्याजवळून मागे वळलीसुद्धा नाही. "ही कुठल्या बाजूची लाट?" एवढंच विचारलं.

तिकीट काढणं ही तर वेगळीच सफर होती. अर्जात प्रश्न होता, पोहता येते का. तरुणपणी मी एकदा तलावाच्या कडेकडेने, काठ धरून, बराच लांब गेलो होतो. याला पोहणं म्हणावं का, यावर विचार करून मी लिहिलं, 'शंका आहे.'

खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, शंका चालत नाही. होय किंवा नाही."

"मग नाही. पण अगदीच नाही असंही..."

"सिस्टिम दोनच उत्तरं घेते."

मला त्या सिस्टिमचा हेवा वाटला.

ज्येष्ठांना डॉक्टरांचा दाखला लागतो. आमच्या डॉक्टरांनी सवयीने 'रोज चालण्यास योग्य' असं लिहून दिलं. मुलगी म्हणाली, बोटीवर चालून कुठे जाणार? बदलून आणा. बदलून नेला तर त्यावर शिक्का नव्हता. शिक्का आणायला गेलो तर डॉक्टर जेवायला गेले होते आणि शिक्का त्यांच्या खिशात होता. सगळं जुळलं तेव्हा ओळखपत्रावरच्या फोटोने घोळ घातला. त्या फोटोत भरगच्च काळ्या मिशा होत्या आणि नजरेत एक प्रकारचा आत्मविश्वास.

"हे तुम्हीच का?" मुलीने विचारलं.

मी फोटो नीट बघितला. खरं सांगायचं तर मलाही खात्री वाटेना.

"हेच ते," ही मागून म्हणाली. "मी त्या मिशांपासून बघत आलेय. लिहून देऊ का?"

मुलीला हिची दया आली असावी. तिने आम्हाला खिडकीची केबिन दिली. "एकदम सीनरी, आजोबा."

केबिन नीटनेटकी होती. आमच्या घरच्या कपाटाला एखाद्या दिवशी मोठं व्हावंसं वाटलं तर ते साधारण तसं दिसेल. मी पडदा बाजूला केला. खिडकीभर नारिंगी रंग होता. सूर्यास्त इतक्या लवकर कसा, म्हणून चष्मा पुसून पाहिलं. तो जीवरक्षक होडीचा तळ होता. आमच्या खिडकीला अगदी नाक लावून टांगलेला. वर नाही, खाली नाही, सगळीकडे होडीच.

"बरं झालं," ही म्हणाली. "बुडालो तर फार लांब जायला नको."

बोट सुटली आणि सगळ्यांना सूचना ऐकायला डेकवर बोलावलं. एका खलाशाने लाइफ जॅकेट कसं घालायचं ते करून दाखवलं. सगळे प्रवासी त्याच्याकडे पाठ करून आपापले फोटो काढत होते. मी एकटाच समोर उभा होतो. मी विचारलं, "या जॅकेटची शिट्टी पाण्यात पडल्यावर वाजवायची, की पडताना?" खलाशी माझ्याकडे बघतच राहिला. बिचाऱ्याला पहिल्यांदाच कुणी प्रश्न विचारला असावा. त्याने मला पट्टा बांधायची युक्ती पुन्हा एकदा, खास माझ्यासाठी दाखवली.

दाराच्या मागे सूचना होती : जॅकेट सतत हाताशी ठेवा. भोजनगृहात हाताशी ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी ते घालूनच जेवायला बसलो. समोर टाय लावलेले एक साहेब होते; कुठल्याशा बँकेत फार वरचे.

"काय हो," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोट बुडणार अशी आतली बातमी आहे का?"

टेबल हसलं. मीही हसलो, आपल्यावरच्या विनोदाला आपण हसलो नाही तर लोकांना वाईट वाटतं. पण त्या जॅकेटमुळे तोंड आणि ताटली यांच्यात मोठंच अंतर पडलं होतं. चमचा मधल्या मध्ये हेलकावला आणि सूप जॅकेटने प्यायलं. छातीवर एक मोठा लाल नकाशा उमटला.

"अहो, काढा ना ते आता," ही हळूच म्हणाली.

"सतत म्हटलंय," मी म्हणालो.

मात्र इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जेवणानंतर मी तोंड लपवायला डेकच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो, आणि तोंड लपवायचं विसरलो. अंधार पाण्याकडून वर चढत होता, डोंगरावर अजून उजेड होता. मासेमारीच्या होड्यांनी कंदील लावले होते. एकेक कंदील पाण्यात आपली लांब रेघ सोडून बसला होता. कुठे लाट नव्हती, त्यामुळे झुकायचा प्रश्नच आला नाही. नांगर पडला, साखळी खूप वेळ खडखडत राहिली, आणि मग जी शांतता झाली तिच्यात मला एकही चूक सापडेना. हे ताईला लिहावं म्हणून मी पेन काढलं. 'कंदील' एवढंच लिहून झालं. पुढे लिहिलेलं प्रत्येक वाक्य जाहिरातीतलं वाटायला लागलं, म्हणून खोडलं.

केबिनमध्ये आल्यावर मी बरोबर आणलेलं पुस्तक उघडलं. जुन्या बाजारात मिळालेलं, मुखपृष्ठ गेलेलं, नौकानयनावरचं ते पुस्तक मला फार प्रिय आहे. घंटेवरच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलं होतं : 'जहाजावरील घंटा भराभरा वाजू लागल्यास आग लागली आहे असे समजून सर्वांनी तत्काळ डेकवर जमावे, परंतु' आणि पान संपत होतं. पुढचं पान वाळवीने खाल्लं होतं. मी ती ओळ पाठ केली आणि झोपलो.

पहाटे घंटा वाजली. भराभरा.

मी उठून बसलो तोवर ती थांबली. भास असेल, मी स्वतःला म्हटलं. मला भास होणं काही नवीन नाही. मी वाट पाहिली. घंटा पुन्हा वाजली, तशीच भराभरा. त्यानंतर मी काय केलं ते मला पुरतं आठवत नाही, कारण ते माझ्या स्वभावात नाही. हिला उठवलं, जॅकेट चढवलं, पट्टे आवळले, पुस्तक काखेत मारलं, दार उघडलं, आणि बोळातल्या दोन्ही बाजूंची दारं वाजवत सुटलो. "उठा. घंटा झाली. जॅकेटं घाला आणि वर चला." घरात मी मीठ मागतो तेही कुणाला ऐकू जात नाही. हा आवाज कुणाचा होता कोण जाणे.

टायवाले साहेब रेघांच्या पायजम्यात दारात आले. "जॅकेट कुठे असतं? अहो, जॅकेट कुठे असतं?"

"पलंगाखाली," मी म्हणालो. "काल दाखवलं होतं."

बघता बघता सगळी बोट जिन्याने वर आली. डेकवर पांढरं, दाट काहीतरी भरलं होतं. "धूर," कुणीतरी म्हणालं आणि एकजण रडायला लागला. त्या पांढऱ्यात कालचा खलाशी उभा होता. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात घंटेची दोरी. त्याने शांतपणे घंटा बडवली, थांबला, चहाचा घोट घेतला.

कॅप्टन खाली उतरून आल्या. ठेंगण्या, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेल्या बाई. काल त्यांना मी स्वयंपाकघराच्या प्रमुख समजून सूप छान झाल्याचं सांगितलं होतं.

"काय झालं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आग," मी म्हणालो.

"कुठे?"

माझ्याकडे पुस्तकाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. मी ते पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून, माझं बोट होतं तिथून वाचलं, 'परंतु'पर्यंत आल्या, पान उलटलं आणि थांबल्या.

"परंतु धुकं पडलं असेल," त्या म्हणाल्या, "तर नांगरलेल्या बोटीने अशीच घंटा थोड्या थोड्या वेळाने वाजवायची असते. म्हणजे दुसरी बोट येऊन आपल्यावर आदळत नाही. पूर्वीपासूनची पद्धत आहे. हे धुकं आहे, आजोबा."

"माझ्या पुस्तकाला पुढचं पान नाही," मी म्हणालो.

माणसाची बेअब्रू होताना आवाज होत नाही, हे मला त्या वेळी कळलं. फक्त घंटा वाजत होती. मनातल्या मनात मी ताईचं उत्तर लिहून टाकलं : 'नको. तुझ्या भावाचं जे झालं ते पुरे.' आणि विषय संपला.

"एक मिनिट," कॅप्टन म्हणाल्या. त्या जमलेल्या लोकांकडे बघत होत्या. "इतकी वर्षं मी सराव घेतेय. पहिल्या हाकेला सगळी बोट वर आली, तीही जॅकेटं घालून, असं मी कधी पाहिलं नाही. आजोबांनी एकट्याने केलं ते." मग माझ्याकडे वळून : "फक्त तुमचंच जॅकेट दिसत नाही."

मी खाली बघितलं. अंगात नुसता सदरा. शेजारी ही उभी होती, आणि तिच्या छातीवर सुपाचा लाल नकाशा होता.

"घाईत माझं हिला घातलं गेलं असेल," मी म्हणालो. "अंधार होता."

हिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. आमच्या सगळ्या संसारात ती निरुत्तर झाल्याचं मला आठवत नाही. या वेळी तिने माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

लोक खाली जायला वळणार, तेवढ्यात धुकं उठायला लागलं.

आधी पाणी दिसलं, बोटीच्या अगदी जवळचं, दुधासारखं. मग एका बाजूला डोंगराचा नुसता माथा, खाली काहीच नसलेला. मग दुसरा माथा. धुक्याला मध्येच खिडकी पडली आणि तिच्यातून एक होडी गेली. वल्हवणाऱ्याने आमच्याकडे बघितलं आणि नारिंगी जॅकेटं घालून शांत उभ्या असलेल्या आमच्या त्या सभेला आदराने हात जोडले. बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवर एक काळा पक्षी पंख पसरून उभा होता, कोणी वाळत घातल्यासारखा. ऊन धुक्याच्या खालून आलं. बेटं एकामागून एक पाण्यावर येऊन बसली, जणू रात्री कुठे गेली होती आणि आता उजाडल्यावर घरी येत होती. कुणी फोटो काढला नाही. फोन सगळ्यांचे खालीच राहिले होते, आगीमुळे.

साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "मी सकाळचा चहा केबिनमध्येच सांगितला होता," ते म्हणाले. "माझी खिडकी मागच्या बाजूला आहे. तिथून काही दिसलं नसतं." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "काही दिसलं नसतं हो."

खलाशाने घंटेची दोरी गुंडाळून ठेवली आणि मला विचारलं, "बाबा, चहा?" तो चहा मी आयुष्यात प्यायलेल्या चहांमध्ये पहिल्या क्रमांकाचा होता, आणि या विधानावर मला शंका नाही.

बोट परत निघाली तेव्हा मी कठड्याशी टेकून पत्र लिहिलं. खोडलं काहीच नाही. तेवढा कागदच नव्हता.

'ताई, जा. काय धरून चालायचं, असं तू विचारलं होतंस. कठडा धरून चाल. खिडकीतून काही दिसत नाही, तेव्हा खिडकीत बसू नकोस. सूप चांगलं असतं. जॅकेट काढून पी. भीती वाटेल. मला वाटली. पण तिला शेजारी उभं करून बघता येतं, ती काही मध्ये येत नाही. पहाटे घंटा झाली की उठून वर जा. आग नसते. वर काय असतं ते मला लिहिता येत नाही, म्हणून उत्तराला इतका उशीर झाला.'

धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीशेजारीच टपालाची पेटी आहे. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तिथेच थांबलो. अर्ध्यावरून पाकीट परत घेण्याचा माझा लौकिक हिला माहीत आहे. तिने माझ्या हातावर हात ठेवून पाकीट पुढे ढकललं. ते आत पडल्याचा आवाज आला.

"अगं, एक वाक्य राहिलं," मी म्हणालो.

"कुठलं?"

"आम्हीही तुझ्याबरोबर येतो, असं लिहायचं होतं."

ही पिशवी खांद्याला लावून पुढे निघालीसुद्धा होती. "ते वन्संना डेकवर सांगा," ती म्हणाली.